एक गाणे, दोन ध्वनिमुद्रणे: चीप ट्रिकच्या एका सिंगलचे प्रकरण

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड या कारखानदारीच्या शहरातून पुढे आलेल्या चीप ट्रिक या चौघांच्या बँडने ‘आय वॉन्ट यू टू वॉन्ट मी’ हे एकच गाणे सिंगल म्हणून दोनदा बाजारात आणले. १९७७ साली ते स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊन आले आणि अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत त्याला जागाच मिळाली नाही. १९७९ साली तेच गाणे टोकियोच्या मैफलीतील ध्वनिमुद्रणाच्या रूपात आले, बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढले आणि त्याच्या दहा लाख प्रती विकल्या गेल्याबद्दल त्याला गोल्ड प्रमाणपत्र मिळाले. शब्द तेच, चाल तीच, गाणारे-वाजवणारे तेच आणि एपिक ही रेकॉर्ड कंपनीही तीच. एखादे गाणे का चालले किंवा का पडले याची मीमांसा करताना तुलनेसाठी सहसा दुसरे काही हाती नसते, त्यामुळे ती बहुधा अंदाजावरच संपते. येथे तुलनेची दोन्ही टोके उपलब्ध आहेत आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखे आहे.

या यशाची गोष्ट बहुतेक वेळा जपानी चाहत्यांच्या वेडाची आणि नशिबाने दिलेल्या हाताची म्हणून सांगितली जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. माझ्या मते या गाण्याची १९७७ ची मांडणी त्याच्या स्वभावाविरुद्ध होती. ती मंचावर, रोजच्या वादनात सुधारली गेली होती आणि टोकियोत ते सुधारलेले रूप टेपवर आले. तेथील श्रोत्यांनी त्यात जी भर घातली ती मोलाची होती, मात्र ती भर पेलू शकेल असे गाणे आधी तयार झालेले होते.

हे गाणे पॉवर पॉप या प्रकारात मोडते. हा शब्द १९६७ मध्ये ‘द हू’ या ब्रिटिश बँडच्या पीट टाउनशेंडने आपल्या संगीताचे वर्णन करताना वापरला. पुढे बॅडफिंगर, रास्पबेरीज, मेम्फिसचे बिग स्टार अशा बँडांच्या संगीताला तो चिकटला. बीटल्सच्या धर्तीची गोड, लगेच ओठांवर बसणारी चाल आणि तिच्यामागे चढ्या आवाजातल्या इलेक्ट्रिक गिटारी व ठासून वाजणारे ड्रम, असा हा प्रकार. ऐकायला तो सोपा वाटतो, परंतु ध्वनिमुद्रणात तो फार अवघड असतो, कारण त्याचे दोन घटक एकमेकांना विरुद्ध दिशेला ओढत राहतात. चाल पुढे आणावी तर गिटार मागे पडते आणि गाणे नुसतेच गोड होऊन बसते. गिटार पुढे आणावी तर चालीचा नाजूकपणा गाडला जातो आणि रेडिओवाले तोंड फिरवतात. निर्मात्याला प्रत्येक गाण्यात हा तोल नव्याने ठरवावा लागतो आणि त्यासाठी कोणतेही तयार माप नसते.

आपल्या गाण्यात ही अडचण अधिकच तीव्र होती. गिटारवादक रिक नील्सनने लिहिलेल्या या गाण्यात फारशी गुंतागुंत नाही. समोरच्या व्यक्तीने आपल्याला हवेसे मानावे, ही एकच मागणी ते वेगवेगळ्या क्रियापदांनी पुन्हा पुन्हा करते. असे शब्द मंद, लाडिक सुरात म्हटले तर ते लटके वाटतात. जोरात, घाईने, जवळजवळ हट्टाने म्हटले तर त्याच शब्दांना धार येते आणि विनवणीत थोडी बेफिकिरीही मिसळते. गाणे कोणत्या बाजूला झुकणार हे शब्दांत किंवा स्वरांत ठरलेले नव्हते. ते वादनाने ठरणार होते.

पहिले ध्वनिमुद्रण

बँडमध्ये नील्सनबरोबर गायक रॉबिन झँडर, बासवादक टॉम पीटरसन आणि ड्रमवादक बन ई. कार्लोस होते. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील क्लब, बार, शाळा-महाविद्यालयांचे कार्यक्रम असा त्यांचा अखंड प्रवास चाललेला असे. विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा येथील एका बोलिंग सभागृहात त्यांचे वादन ऐकून एरोस्मिथ या रॉक बँडचा निर्माता जॅक डग्लस प्रभावित झाला आणि त्याच्या शिफारशीमुळे एपिकचे दार उघडले. डग्लसनेच निर्मिलेला पहिला अल्बम फेब्रुवारी १९७७ मध्ये आला. तो खडबडीत, काळपट छटेचा आणि मोठ्या आवाजाचा होता. समीक्षकांना तो आवडला, पण तो खपला नाही.

दुसऱ्या अल्बमसाठी कंपनीने निर्माता बदलला. टॉम वर्मन हा एपिकचाच माणूस होता आणि रेडिओवर वाजेल असा आवाज तयार करणे ही त्याच्याकडून स्वाभाविक अपेक्षा होती. कॅलिफोर्नियातील बरबँक येथील केंडन रेकॉर्डर्समध्ये ध्वनिमुद्रण झाले आणि ‘इन कलर’ हा अल्बम सप्टेंबर १९७७ मध्ये, म्हणजे पहिल्या अल्बमनंतर अवघ्या सात महिन्यांत बाजारात आला. प्रस्तुत गाण्याकडे वर्मनने जुन्या नाचघरातल्या, थोड्या नखरेल गीतासारखे पाहिले. त्याने जाय वाइंडिंग या वादकाकडून त्यात खेळकर पियानो वाजवून घेतला, गिटारी आवरत्या ठेवल्या आणि गती सैल राहू दिली. गाण्यातील रडण्याविषयीच्या शब्दाला प्रतिध्वनीसारखी पुनरावृत्ती जोडली. पियानोच्या कल्पनेबद्दल नील्सनने फारसा उत्साह दाखवला नव्हता, परंतु निर्णय निर्मात्याचा आहे असे म्हणून बँडने तो स्वीकारला, असे वर्मनच्याच नंतरच्या कथनावरून दिसते.

हे ध्वनिमुद्रण आज ऐकताना त्याला वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येते, झँडरचा आवाज अत्यंत नेमका लागलेला आहे आणि पियानोचे काम कसलेल्या हाताचे आहे. पण या सगळ्या नेटकेपणातून गाणाऱ्याला खरोखर काही हवे आहे असे जाणवत नाही. पियानोच्या उड्या मारणाऱ्या सुरांमुळे श्रोत्याला सुरुवातीलाच सुचवले जाते की ही गंमत आहे, हे मनावर घेऊ नका. एकदा ती सूचना मिळाली की पुढची सारी विनवणी सोंग होऊन जाते. वर्मनने गाण्यातली थट्टा बरोबर ओळखली होती; तिच्यासोबत असलेली अधीरता मात्र त्याच्या मांडणीत निसटली.

कंपनीच्या मनातला गोंधळ अल्बमच्या मुखपृष्ठावरही दिसतो. पुढच्या बाजूला देखणे झँडर आणि पीटरसन मोटारसायकलींवर, रंगीत छायाचित्रात. मागच्या बाजूला टोपीवाला, विचित्र अंगविक्षेप करणारा नील्सन आणि एखाद्या कचेरीतल्या हिशेबनिसासारखा दिसणारा कार्लोस लहानशा दुचाकींवर, कृष्णधवल छायाचित्रात. ही कल्पना मजेदार होती आणि बँडला शोभणारीही होती. पण अल्बममधील ध्वनीतही हेच घडले होते हे लक्षात घेण्याजोगे आहे: देखणी बाजू पुढे आणि तऱ्हेवाईक बाजू मागे. चीप ट्रिकचे सामर्थ्य या दोन्ही बाजू एकाच चौकटीत एकमेकींना खेटून उभ्या असण्यात होते.

‘इन कलर’ अमेरिकेच्या अल्बम यादीत ७३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. सिंगलचे काय झाले ते वर आलेच आहे. १९७८ मध्ये आलेला तिसरा अल्बम ‘हेवन टुनाइट’ ४८ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यातले ‘सरेंडर’ हे गाणे ६२ व्या क्रमांकावर थांबले. चढण होती, पण सावकाश होती आणि सतत दौऱ्यावर राहणाऱ्या बँडला तिच्यावर निभावून नेणे कठीण होते.

टोकियो, एप्रिल १९७८

जपानमध्ये मात्र चित्र वेगळे होते. तेथील संगीत-मासिकांनी बँडला उचलून धरले होते, ‘इन कलर’मधील गाणी तेथे लोकप्रिय झाली होती आणि एप्रिल १९७८ मध्ये बँड टोकियोला उतरला तेव्हा त्याचे स्वागत बीटल्सच्या काळाची आठवण व्हावी अशा जल्लोषात झाले. बीटल्सचा उल्लेख येथे केवळ उपमेसाठी नाही. ज्या निप्पॉन बुदोकान सभागृहात २८ आणि ३० एप्रिलला चीप ट्रिकचे कार्यक्रम झाले, तेथेच १९६६ च्या उन्हाळ्यात बीटल्सनी आपले जपानमधील कार्यक्रम केले होते. हे अष्टकोनी सभागृह १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमधील ज्युदो स्पर्धांसाठी बांधले गेले होते आणि युद्धकलांच्या या वास्तूत रॉक संगीत वाजावे यावर बीटल्सच्या वेळी तेथे मोठा वाद झाला होता. चीप ट्रिक आले तोवर तो मागे पडला होता.

कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण जपानी बाजारासाठी होते. अमेरिकेत ते प्रसिद्ध करण्याचा कोणताही बेत नव्हता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण रेडिओला काय रुचेल, किती सेकंदांत ध्रुवपद आले पाहिजे, गिटार किती खाली ठेवली पाहिजे, हे प्रश्न त्या रात्री कोणापुढेच नव्हते. बँड आपला नेहमीचा कार्यक्रम वाजवत होता.

आता त्या ध्वनिमुद्रणाकडे जरा जवळून पाहू. झँडर गाण्याचे नाव सावकाश, एकेक शब्द सुटा करत जाहीर करतो आणि प्रत्येक शब्दाबरोबर सभागृहातील किंकाळ्या वाढत जातात. लगोलग कार्लोसचे ड्रम सुरू होतात आणि एका क्षणात कळते की गती बदललेली आहे. झुलता ठेका तोच आहे, परंतु तो पुढे रेटणारा आहे. पियानो नाही. पियानोने व्यापलेली सगळी जागा नील्सनच्या गिटारने आणि पीटरसनच्या भरदार बासने घेतली आहे. त्यामुळे चालीचा गोडवा आता एकट्या झँडरच्या गळ्यावर येऊन पडतो आणि तो त्याला पूर्ण पुरतो. स्टुडिओत त्याच्या आवाजाला गोड वाद्यांची सोबत होती; येथे गोड आवाज एक आणि त्याच्याभोवती सारा गलका. पॉवर पॉपचा जो तोल मी वर सांगितला, तो या मांडणीत अचूक साधला गेला आहे.

आणि मग रडण्याविषयीचा तो शब्द येतो. स्टुडिओतील ध्वनिमुद्रणात त्याची पुनरावृत्ती यंत्राच्या साहाय्याने साधलेली होती. बुदोकानमध्ये ती हजारो मुलामुलींनी केली. जपानी श्रोत्यांनी रेकॉर्ड इतक्या वेळा ऐकली होती की त्यांना हा तपशील पाठ होता आणि झँडरने शब्द उच्चारताच त्यांनी तो एका सुरात परत फेकला. गाण्यात ‘मी तुला हवा असावा’ असे म्हणणारा एक आवाज असतो. येथे समोरून उत्तर येत होते आणि ते होकाराचे होते. आपल्याकडे जुन्या संगीत नाटकांच्या ध्वनिमुद्रणांत प्रेक्षागृहातून आलेला वन्समोर ऐकू आला की पदाची गोडी वाढते, तसेच काहीसे येथे होते. फरक एवढाच की बुदोकानमध्ये प्रेक्षकांचा आवाज पद संपल्यावर येत नाही, तो पदाच्या आतच, लयीवर, नेमलेल्या जागी येतो. मिक्सिंग करताना हा आवाज मागे ढकलला गेला नाही, तो वाद्यांच्या बरोबरीने ठेवला गेला, हा निर्णयही श्रेयाचा धनी आहे.

परतीचा मार्ग

‘चीप ट्रिक ॲट बुदोकान’ हा दहा गाण्यांचा अल्बम ऑक्टोबर १९७८ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर जे घडले ते कंपनीच्या योजनेबाहेरचे होते. अमेरिकेतील आयात रेकॉर्डींच्या दुकानांत त्याच्या प्रती येऊ लागल्या. स्थानिक रेकॉर्डपेक्षा जास्त किंमत मोजून लोक त्या घेऊ लागले आणि अशा सुमारे ३०,००० प्रती खपल्याचा अंदाज सांगितला जातो. काही रेडिओ केंद्रांनी आयात प्रतीवरूनच गाणी वाजवायला सुरुवात केली. एपिकने ‘फ्रॉम टोकियो टू यू’ या नावाची, केवळ रेडिओ केंद्रांसाठीची प्रचारप्रत काढली आणि मागणीचा जोर पाहून फेब्रुवारी १९७९ मध्ये अल्बम अमेरिकेत अधिकृतपणे प्रसिद्ध केला. एप्रिलमध्ये सिंगल निघाले. त्याच्या दुसऱ्या बाजूवर त्याच मैफलीच्या अल्बममधील ‘क्लॉक स्ट्राइक्स टेन’ होते.

कंपनीच्या दृष्टीने हा निर्णय सोपा होता. ध्वनिमुद्रणाचा खर्च आधीच होऊन गेला होता आणि आयातीच्या वाटेने जाणारा पैसा आपल्याकडे वळवायचा होता. शिवाय १९७५ मध्ये ‘किस’ या रॉक बँडने आणि १९७६ मध्ये गायक-गिटारवादक पीटर फ्रॅम्प्टनने मैफलीच्या अल्बमवरच मोठी झेप घेतली होती. स्टुडिओत ज्यांची कुवत नीट उतरत नाही असे बँड मैफलीच्या ध्वनिमुद्रणातून लोकांपर्यंत पोहोचतात, हे रेकॉर्ड उद्योगाला ठाऊक झालेले होते. तरीही चीप ट्रिकच्या बाबतीत हा विचार आधी कंपनीला सुचला नाही. तो ग्राहकांनी खिशातून पैसे देऊन सुचवला.

जुलै १९७९ मध्ये सिंगल सातव्या क्रमांकावर पोहोचले तेव्हा यादीच्या शिखरावर डोना समर होती आणि डिस्कोचा दबदबा कायम होता. कॅनडात ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, ब्रिटनमध्ये २९ व्या. अल्बमने अमेरिकेत चौथा क्रमांक गाठला आणि कालांतराने त्याला तिहेरी प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले. त्याच उन्हाळ्यात द नॅक या लॉस एंजेलिसच्या बँडचे ‘माय शरोना’ही धडाक्याने वर चढत होते, म्हणजे गिटारवर उभ्या असलेल्या छोट्या, गोड गाण्यांसाठी रेडिओचे दार तेव्हा किलकिले झालेले होते. चीप ट्रिकला या हवेचा लाभ झाला हे मान्य करायला हवे.

मग श्रेय हवेचे, श्रोत्यांच्या गजराचे की गाण्याच्या नव्या मांडणीचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी याच अल्बममधले दुसरे उदाहरण उपयोगी पडते. पुढचे सिंगल म्हणून ‘एन्ट दॅट अ शेम’ हे फॅट्स डॉमिनोचे जुने गाणे काढण्यात आले. तेच सभागृह, तोच गजर, तेच वर्ष आणि आता तर बँडचे नावही सर्वतोमुखी झालेले. ते ३५ व्या क्रमांकापर्यंत गेले. नुसत्या गजराने आणि अनुकूल हवेने गाणे पहिल्या दहांत जात असते तर हेही गेले असते. दुसरी बाब अशी की रेडिओवाल्यांपुढे ‘सरेंडर’चाही मैफलीतला अवतार होता आणि अमेरिकेत ते गाणे अधिक ओळखीचे होते, तरी दाद मिळाली ती १९७७ मध्ये बाजूला पडलेल्या गाण्याला. ‘सरेंडर’ स्टुडिओतही जवळपास तसेच वाजले होते, त्यामुळे मैफलीत त्याला मिळवण्यासारखे कमी होते. ‘आय वॉन्ट यू टू वॉन्ट मी’ला सर्वाधिक मिळवायचे होते, कारण आधी त्याचेच सर्वाधिक गमावले होते.

या यशाची किंमतही बँडला मोजावी लागली. ‘ड्रीम पोलीस’ हा चौथा स्टुडिओ अल्बम तयार असूनही बुदोकानच्या विक्रीत व्यत्यय नको म्हणून थांबवून ठेवण्यात आला आणि सप्टेंबर १९७९ मध्ये आला. त्याचा निर्माता पुन्हा वर्मनच होता आणि तो अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, यावरून वर्मन आणि चीप ट्रिक यांचे जमतच नव्हते असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याला दोष द्यायचा तर एका गाण्यापुरता आणि त्या विशिष्ट वेळेपुरताच द्यावा लागेल. पहिला अल्बम पडलेला, कंपनीचे डोळे दुसऱ्याकडे लागलेले आणि बँड स्वतः ठामपणे विरोध न करणारा, अशा स्थितीत चालीवर विश्वास ठेवून गिटार मागे घेणारा निर्माता मला समजू शकतो. बँडने ‘तुमचे तुम्ही पाहा’ म्हणून मान वळवली हे मात्र मला अधिक खटकते, कारण रोज रात्री गाणे लोकांसमोर वाजवून त्याचा स्वभाव ओळखलेले चौघे त्या खोलीत तेच होते.

‘ॲट बुदोकान’ची निवड पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या अमेरिकी ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत केली. मैफलीनंतर २० वर्षांनी, १९९८ मध्ये, दोन्ही रात्रींतून घेतलेली मैफल पूर्ण क्रमाने प्रसिद्ध झाली आणि मूळ अल्बममध्ये न मावलेली गाणी श्रोत्यांना मिळाली. ‘इन कलर’विषयी बँडच्या मनात राहिलेली रुखरुख मात्र याने गेली नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाला बरोबर घेऊन तो संपूर्ण अल्बम पुन्हा ध्वनिमुद्रित केला. ते काम आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध झालेले नाही, त्याच्या प्रती चाहत्यांमध्ये फिरत राहिल्या. आणि कार्यक्रमांत बँड हे गाणे आजही बुदोकानच्याच वळणाने, पियानोविना वाजवतो.